पिकअपचा क्लच घरी बदलताना : काय बघायचं, काय जपायचं

आपल्या साइटवर नेहमी मोबाईल, ॲप आणि सेटिंग्जबद्दल लिहितो. आज विषय थोडा वेगळा, पण शेवटी तोही मशीनचाच. काकांची पिकअप जुन्नर भागातून टोमॅटो घेऊन कल्याणला जाते. माल भरलेली गाडी माळशेज घाट उतरते आणि रिकामी होऊन वर चढते. गेल्या हंगामात ती रिकामी असूनही घाटात दमायला लागली. इंजिन ओरडतंय, काटा वर चाललाय, पण गाडी पुढे सरकत नाही. ऐन हंगामात गॅरेजवाल्याने आठवड्यानंतरची तारीख दिली. गाडी उभी म्हणजे धंदा उभा. मग मी, काका आणि चुलतभाऊ, आम्ही तिघांनी अंगणातच क्लच बदलला. खरं सांगायचं तर दोनदा बदलला. दुसऱ्यांदा का, ते पुढे येईलच.

क्लच नक्की करतो काय?

इंजिनच्या मागे एक जड लोखंडी चाक फिरत असतं, ते फ्लायव्हील. त्याला प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली असते. या दोघांच्या मध्ये सँडविचसारखी क्लच प्लेट असते. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांमध्ये, म्हणजे स्प्लाइनवर, बसते. पेडल सोडलेलं असताना प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, पकड सुटते आणि गिअर बदलता येतो.

म्हणजे सगळा खेळ घर्षणाचा. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना रिव्हेट केलेलं लायनिंग झिजत गेलं किंवा त्यावर तेल आलं, की पकड कमी होते. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल तर हे लवकर होतं. काकांना आहे. मी सांगून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

खरंच क्लचच गेलाय का?

हे तपासल्याशिवाय पान्याला हात लावू नका. सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये साधारण 40 च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज एकदम वाढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. सोबत जळका वास येत असेल तर शंकाच नको.

पण गिअर अडकत पडत असतील, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येत असेल, तर आजार उलटा आहे. तिथे क्लच नीट सुटत नाहीये. अशा वेळी आधी क्लच ऑइलची डबी बघा, मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर गळतायत का ते बघा, केबलची गाडी असेल तर केबल बघा. गिअरबॉक्स उतरवण्याची गरजच नसेल, असंही होऊ शकतं. अगदी पेडलला खेळ उरला नसेल तरीही क्लच घसरतो, कारण रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहतं. खेळ किती हवा हे गाडीगणिक वेगळं असतं, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

सामान आणि जागा

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदला. एकच जुनं ठेवून पैसे वाचवायचे म्हणजे तेच सगळं काम पुन्हा करायची तयारी ठेवायची. दुकानात जाताना चेसिस नंबरच्या पट्टीचा स्वच्छ फोटो मोबाईलमध्ये ठेवा. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार प्लेटचा व्यास आणि स्प्लाइनची संख्या बदलते, नुसत्या गाडीच्या नावावर पार्ट आणला तर फेरी वाया जाते.

हत्यारांमध्ये रिंग पाने, गोटी पाने आणि लांब एक्स्टेन्शन, टॉर्क पाना, ट्रॉली जॅक, चार भक्कम जॅक स्टँड, लाकडी ओंडके आणि क्लच सेंटर करायचा डमी शाफ्ट. प्लॅस्टिकचा डमी बऱ्याचदा किटमध्येच येतो.

आता सर्वात महत्त्वाचं. छोट्या पिकअपचा गिअरबॉक्ससुद्धा एका माणसाने छातीवर पेलण्यासारखा नसतो. मोठ्या ट्रकचा तर 100 किलोच्या वर जातो, ते काम घरी करायचं नाही, विषय संपला. जमीन पक्की आणि सपाट हवी. आम्ही शेणाने सारवलेलं अंगण सोडून शेजारच्या खळ्याच्या कोब्यावर गाडी लावली, कारण मातीत स्टँड रुततो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही, मग दोन मिनिटांचंच काम का असेना. आणि एकट्याने तर नाहीच.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडी मोकळी होते. गिअरचा आणि मागच्या चाकांचा संबंधच तुटतो. काही गाड्यांत तर हँडब्रेकही गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवरच असतो. त्यामुळे मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावल्याशिवाय सुरुवात करू नका.

उतरवताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. स्टार्टर काढताना पाना चुकून बॉडीला लागला तर ठिणगी पडते. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर दोन्ही भागांना मिळून रंगाची एक रेघ मारा, म्हणजे परत त्याच जागी बसेल, नाहीतर गाडी थरथरते. फ्लँजचे वरचे बोल्ट हाताला यायला शाफ्ट फिरवावा लागतो. म्हणून गाडी वर घेण्याआधीच ती थोडी थोडी ढकलून बोल्ट फक्त सैल करून ठेवा. हे आम्हाला गाडी स्टँडवर चढवल्यावर सुचलं.

मग गिअर ऑइल काढून घ्या. गिअर लिव्हर, रिव्हर्स लाइटची वायर, स्पीडोमीटरचं कनेक्शन आणि स्टार्टर सोडवा. स्लेव्ह सिलिंडर पाइप न उघडता नुसते बोल्ट काढून बाजूला तारेने बांधून ठेवा, म्हणजे सिस्टिममध्ये हवा शिरत नाही. त्यानंतर गाडी बसेपर्यंत पेडलला कोणी पाय लावायचा नाही. आम्ही स्टिअरिंगला फडकं बांधून ठेवलं होतं, घरात लहान मुलं आहेत.

गिअरबॉक्स निघाला की इंजिन मागे कलतं. त्यामुळे खाली लाकडाची फळी ठेवून दुसऱ्या जॅकचा आधार द्या, मगच क्रॉस मेंबर सोडा. हाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा. प्रत्येक पायरीचे फोटोही काढा. मोबाईलचा मला सर्वात जास्त उपयोग इथे झाला, टॉर्च आणि फोटो.

गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर पट्ट्याने बांधून सरळ मागे ओढा. शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन क्लच प्लेटवर लोंबकळता कामा नये.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी थोडे थोडे सैल करा. एकच बोल्ट पूर्ण काढला तर कव्हर वाकतं. आत साचलेली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनर किंवा ओल्या फडक्याने पुसा.

आमची चूक

जुनी प्लेट हातात आली तेव्हा रिव्हेट जवळजवळ लायनिंगच्या पातळीला आले होते. अनेक मॅन्युअलमध्ये रिव्हेटची खोली 0.3 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की प्लेट बदला असं दिलेलं असतं. कारण सापडलं म्हणून आम्ही खूश. फ्लायव्हीलच्या खालच्या बाजूला थोडा तेलकटपणा होता, तो पुसला आणि नवी प्लेट बसवली. तीन आठवड्यांनी गाडी परत घसरायला लागली.

तेल येत होतं क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून. प्लेट झिजलेली होती हे खरंच, पण सील गळतंय हेही खरं होतं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक बग सापडला की शोधणं थांबवणाऱ्याला हसतो, आणि इथे मी तेच केलं. सील स्वस्त असतं, पण तिथपर्यंत पोचायला अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. तेल प्यालेली नवी प्लेटही फेकावी लागली, लायनिंगमध्ये मुरलेलं तेल धुऊन निघत नाही.

म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच हे सगळं बघा : क्रँकचं मागचं सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, पायलट बेअरिंग बोटाने फिरवून, रिलीज फोर्कची टोकं. फ्लायव्हीलवर निळे डाग, बारीक चिरा किंवा नखाला लागणाऱ्या खाचा असतील तर ते लेथवाल्याकडे दाखवा. किती घासून चालेल याला मर्यादा असते.

बसवताना

नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो क्लीनरने पुसा. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू बहुधा लिहिलेली असते. नसेल तर मधला उंच भाग साधारणपणे गिअरबॉक्सकडे येतो, तरी जुनीचा फोटो बघून खात्री करा. डमी शाफ्टने प्लेट मध्यभागी धरा आणि बोल्ट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. स्प्लाइनला ग्रीस अगदी नखभर. जास्त लावलं तर ते फिरताना उडून लायनिंगवरच जातं.

गिअरबॉक्स आत जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. करू नका, हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचा हब वाकतो. एक गिअर टाकून मागचा फ्लँज हाताने थोडा फिरवा, स्प्लाइन जुळल्या की तो आपोआप सरकतो. आमचा दुसऱ्यांदा पाच मिनिटांत बसला. पहिल्यांदा दीड तास गेला होता, आणि त्यात चुलतभावाचं आणि माझं भांडणही झालं.

शेवटी गिअर ऑइल भरायला विसरू नका. पेडलचा खेळ तपासा, हायड्रॉलिक पाइप उघडला असेल तर हवा काढा. इंजिन चालू करून आधी चाकांचे ओंडके न काढताच पेडल दाबून सगळे गिअर पडतात का बघा. पहिले साधारण 500 किलोमीटर पूर्ण लोड आणि घाट टाळा, लायनिंगला बसायला वेळ लागतो. काकांनी दोन दिवस टाळला. तिसऱ्या दिवशी भाव चढला आणि गाडी भरून कल्याणला गेली. अजून तरी घसरलेली नाही.