पाणी तेच, डोळे वेगळे



अभ्यासवर्गात हा प्रश्न हमखास निघतो. एखादा पोरगा उठतो नि म्हणतो, "ज्याचं त्याचं सत्य वेगळं. सगळ्यांसाठी एकच खरं जग, असलं काही नसतं." ऐकायला भारी वाटतं. पण प्रश्न जुना आहे, आणि आपल्याच बौद्ध पंडितांनी तो फार खोल खणून ठेवलाय.

पुरुषपूरचा, म्हणजे पेशावरचा वसुबंधू. चौथ्या-पाचव्या शतकातला. आधी त्यानं 'अभिधर्मकोश' लिहिला. पुढं थोरला भाऊ असंग याच्या विज्ञानवादाकडं वळला आणि 'विंशतिके'त म्हणाला, जे दिसतं ते सगळं चित्ताचंच. प्रतिपक्षाचा सवाल मात्र त्यानं लपवला नाही. बाहेर काही नसेल तर वस्तू ठराविक जागी, ठराविक वेळीच का दिसते? आणि एकट्यालाच नव्हे, तिथं असलेल्या सगळ्यांनाच का दिसते? उत्तरात त्यानं प्रेतांची नदी आणली. सारख्या कर्माच्या सगळ्या प्रेतांना मिळून नदीत पू दिसतो, आणि नदीत पू नसतोच.

इथं मी अडतो. आदर ठेवूनच सांगतो, यातून शंभरजणांना एकच भ्रम होऊ शकतो एवढंच कळतं. आणि पू नाही हे सांगायला तरी नदीत काय आहे ते कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं ना?

आठव्या शतकात शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विज्ञानवाद खोडला. खांब, भिंत, घडा, वस्त्र समोर दिसतंय, ते नाही कसं म्हणता? मुद्दा बिनतोड. पण यांच्याच अंतिम हिशेबात जग मिथ्या! व्यवहारात खरं, परमार्थात खोटं, अशा दोन चोपड्या. त्याच भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाकारताना, वेद ऐकणाऱ्याच्या कानात शिसं नि लाख भरावी हे स्मृतिवचन आधाराला घेतलंय. म्हणजे जग मिथ्या, पण शिसं चांगलं कढत. आपला बाप नेहमी व्यवहाराच्याच चोपडीत सापडायचा.

ती प्रेतांची नदी वाचताना मला महाड आठवतं. नगरपालिकेनं 1924 मध्येच चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांच्यामागून हजारो माणसं तिथलं पाणी प्याली. त्या पाण्याला मुसलमानांचा विटाळ नव्हता, गुराढोरांचाही नव्हता. आपली ओंजळ लागली नि सवर्णांना त्यात विटाळ दिसला. एकाला नाही, अख्ख्या मेळ्याला. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी नि मंत्र. शेण पडलं तेव्हा पाणी शुद्ध झालं म्हणे!

त्याच दिवशी, महार वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली. आवई खोटी होती. पण मंडपात जेवायला बसलेल्यांवर, परतीच्या वाटेवरच्या माणसांवर ज्या लाठ्या पडल्या त्या खऱ्या. जात ही विटांची भिंत नाही, मनाची अवस्था आहे, असं बाबासाहेबांनीच 1936 मध्ये लिहिलं. पोरं ते वाक्य पुढं करतात. करा, पण त्या मनाच्या हातात लाठी होती, तेवढं ध्यानात ठेवा.

सवर्ण कोर्टात गेले. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. पाण्यात कुणाला विटाळ दिसतो, यावर तो ठरला नाही. आपल्याला तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, याचा पुरावा वादींना देता आला नाही.