ताशी दराचे राजकारण : अमेरिकेतील घरगुती शुश्रूषेची दोन टोके

१० नोव्हेंबर १९८१. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पत्रकार परिषदेत आयोवा राज्यातील एका चिमुरडीचा दाखला दिला. केटी बेकेट, वय जेमतेम साडेतीन वर्षे. मेंदूज्वरानंतर तिला श्वसनयंत्राचा आधार लागे. तिला घरी नेणे शक्य होते, पण परवडणारे नव्हते. अडचण वैद्यकीय नसून हिशेबाची होती.

हा हिशेब मेडिकेडचा. १९६५ साली सुरू झालेली ही योजना केंद्र आणि राज्ये यांच्या पैशावर चालते. केटी रुग्णालयात असेपर्यंत आईवडिलांचे उत्पन्न गृहीत धरले जात नसे. घरी नेताच ते धरले जाई आणि मदत बंद होई. म्हणजे कित्येक पट महाग असलेल्या रुग्णालयाचे पैसे सरकार देणार, स्वस्त घरचे नाही! खर्चकपातीचा विडा उचललेल्या रेगन यांना ही विसंगती खुपली नसती तरच नवल. नियमाला अपवाद झाला आणि डिसेंबरात केटी घरी परतली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील कायद्याने राज्यांना घरी आणि वस्तीत दिल्या जाणाऱ्या शुश्रूषेवर मेडिकेडचा पैसा खर्चण्याची मुभा दिली होती. त्यातली एक अट कळीची : सरासरी दरडोई खर्च संस्थेतील खर्चापेक्षा वाढता कामा नये. पात्र व्यक्तीला नर्सिंग होममधील जागेचा खर्च हक्काने मिळे. घरच्या सेवेसाठी मात्र राज्ये संख्येची मर्यादा घालू शकत. त्यातून प्रतीक्षायाद्या वाढल्या.

आता दुसरे टोक. स्वस्ताई येते कुठून? राज्य सेवेचा दर ठरवते आणि तो बहुधा एजन्सीला देते. तिचा कार्यालयीन खर्च वगळून जे उरते, त्यातून घरोघरी जाऊन रुग्णाला न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या बाईची मजुरी निघते. दर वाढला नाही, तर मजुरीही वाढत नाही.

कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाचे संरक्षण मिळाले. वृद्ध-अपंगांना ‘सोबत’ करणाऱ्या मात्र वगळल्या गेल्या. वर्षभरात कामगार खात्याने हा अपवाद एजन्सीच्या पगारी कर्मचाऱ्यांनाही लावला. शेजारधर्म म्हणून आजीपाशी बसणारी मुलगी आणि पोटासाठी राबणारी बाई एकाच मापाने मोजली गेली.

जमैकातून आलेल्या, न्यूयॉर्कमध्ये सुमारे वीस वर्षे हे काम केलेल्या एव्हलिन कोक यांनी जादा तासांच्या मोबदल्यासाठी दावा लावला. त्यांची मजुरी ताशी ७ डॉलरच्या आसपास होती. मोबदला द्यावा लागला तर मेडिकेडचा खर्च फार वाढेल, असे खुद्द न्यूयॉर्क शहराने न्यायालयाला कळवले. युक्तिवाद प्रामाणिक होता, आणि म्हणूनच बोचरा : योजनेचा डोलारा कोणाच्या खांद्यावर उभा आहे, याची ती कबुलीच होती. ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल कोक यांच्या विरोधात दिला. २००९ मध्ये त्या वारल्या.

२०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने एजन्सीच्या कर्मचाऱ्यांपुरता तो अपवाद रद्द केला. न्यायालयीन अडथळे ओलांडून हा बदल २०१५ मध्ये अमलात आला. २०२४ च्या नियमाने प्रमुख घरगुती सेवांसाठी मेडिकेड जे देते, त्यातील किमान ८० टक्के रक्कम सेवकांच्या मोबदल्यावरच खर्चावी असे ठरवले. पूर्ततेला सहा वर्षांची मुदत दिली. जुलै २०२५ मध्ये मात्र कामगार खात्याने २०१३ चा बदल मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.