पंधरा रुपयांतले आठ

इ.स. १८७९. कागल संस्थानात नोकरीस असलेले कृष्णराव गोखले निवर्तले. धाकटा मुलगा गोपाळ तेव्हा १३ वर्षांचा होता. थोरल्या गोविंदाने स्वतःचे शिक्षण सोडले, दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले ८ रुपये तो कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला धाडू लागला. उरलेल्या ७ रुपयांत सारे घर!

गोपाळ हाताने रांधून खाई, रस्त्यावरच्या दिव्याखाली वाची. चरित्रांत हा दिवा ठळकपणे तेवतो. गोविंदाचे मिटलेले पुस्तक मात्र ओझरतेच दिसते. मॅट्रिकनंतर महाविद्यालयाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने पुढे केले. १८८४ साली गोपाळराव बी.ए. झाले. पुढे पुण्यात अल्प वेतनाच्या शिक्षकी पेशाला वाहून घेण्यापूर्वी त्यांना थोरल्या भावाचे मन वळवावे लागले. वकिलीतून घर सावरेल ही आशा सोडून द्यायची होती. ती केवळ त्यांची एकट्याची नव्हती.

हाच हिशेब पाव शतकानंतर मुंबईत परळच्या एका चाळीत मांडला गेला. निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ यांच्या तुटपुंज्या पेन्शनीत दोन मुलांचे शिक्षण बसेना. थोरल्या बळरामाला नोकरीस लावले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिला. त्याला पुस्तक हवे झाले की रामजी विवाहित मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून आणत.

‘गरिबीतून माणसे घडतात’ असे म्हणणाऱ्यांनी गोविंद आणि बळराम यांच्याकडेही पाहावे. गरिबी त्यांच्याही वाट्याला तीच आली होती.

शिवाय दोन्ही घरांतली गरिबी एकसारखी नव्हती. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले, म्हणून घरात वाचनाची शिस्त होती. महार कुटुंबाला त्या काळी हे क्वचितच लाभे. तरीही साताऱ्याच्या शाळेत भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही. गोपाळाकडे पैसा नव्हता, पण वर्गात त्याची जागा कोणी नाकारली नव्हती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. त्यापुढचा खर्च बहिणींच्या दागिन्यांना पेलणारा नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा त्याचे महाविद्यालयीन शिक्षण तडीस गेले.