खालित्य आणि शोधन : तापीकाठच्या एका उपचारपरंपरेचा इतिहास

सुरत शहराच्या आग्नेय कडेला, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी असलेले गोडादरा हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. कापडाच्या धंद्याने शहर पसरत गेले तसे ते महानगरात सामावले गेले, आणि धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून यंत्रमागावर व साड्यांच्या बाजारात कामाला आलेल्या कुटुंबांमुळे तेथील गल्ल्यांतून मराठी आणि अहिराणी सहज कानी पडू लागली. तापीच्या काठाने चालत आलेला हा संबंध आजचा नाही. मराठेशाहीत सुरतेभोवतीच्या, सुरत अठ्ठाविशी म्हटल्या जाणाऱ्या महालांचा वसूल पेशवे आणि गायकवाड यांच्या दफ्तरी जमा होत असे, सोनगडचा किल्ला हे गायकवाडांचे आरंभीचे ठाणे होते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरत आणि अमळनेर ही गावे जोडली, आणि १ मे १९६० पर्यंत सुरत व खानदेश हे दोन्ही मुलूख एकाच मुंबई राज्याच्या अमलाखाली होते. या वाटेने माणसे आली तशा त्यांच्या वैद्यकाच्या समजुतीही आल्या. आणि केस गळू लागले की शरीर शुद्ध करून घ्यावे, ही जी समजूत आज सुरतेसारख्या शहरांतून पंचकर्माच्या पाट्यांवर वाचावयास मिळते, तिचा पूर्वेतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

या समजुतीचे मूळ संहितांत आहे. सुश्रुताने इंद्रलुप्त, खालित्य आणि रुज्या या नावांनी ओळखला जाणारा विकार क्षुद्ररोगांत गणला असून त्याची उपपत्ती अशी सांगितली आहे की, वाताशी संयोग पावलेले पित्त रोमकूपांत शिरून केसांना च्युत करते, आणि त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप रोधून टाकतो, म्हणून गेलेल्या केसांच्या जागी नवे केस उगवत नाहीत. चरकाच्या मते शरीरातील तेज वातादी दोषांसह केसांची भूमी दग्ध करते. दाह पुरता झाला तर टक्कल पडते आणि किंचित झाला तर केस पिकतात. ही उपपत्ती स्वीकारली म्हणजे उपचारांचा क्रम आपोआपच निश्चित होतो: जे दूषित झाले आहे ते प्रथम बाहेर काढावयाचे, जे रोधले गेले आहे ते मोकळे करावयाचे, आणि मग त्या भूमीचे पोषण करावयाचे. चरकाने खालित्य (टक्कल) आणि पालित्य (केस पिकणे) यांवर आधी शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, व त्यानंतर नस्य (नाकात घालावयाचे औषध), तेले आणि मस्तकावरील लेप सांगितले ते याच क्रमाने; आणि सुश्रुताने इंद्रलुप्तात स्नेहन-स्वेदनानंतर शिरावेध करून लेप द्यावा, किंवा त्वचेवर पाछ मारून गुंजेचा कल्क लावावा असे म्हटले, व मालती, करवीर, चित्रक आणि करंज यांचे सिद्ध तेल सुचविले, तेही याच विचाराला धरून होय.

परंतु शोधन ही सहज उरकण्याची गोष्ट आहे असे त्या ग्रंथकारांनी कोठेही मानलेले नाही. वमन (ओकारी), विरेचन (जुलाब), बस्ती (गुदमार्गे दिलेले औषध) आणि नस्य ही कर्मे, आणि सुश्रुतपरंपरेत त्यांच्या जोडीला असलेले रक्तमोक्षण (रक्त काढणे), म्हणजेच पंचकर्म, यांच्या आधी औषधी तूप किंवा तेल तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने पोटात द्यावयाचे, मग स्वेदन करावयाचे, आणि प्रधान कर्म झाल्यावर मंदावलेला अग्नी पूर्ववत होईपर्यंत पेया, विलेपी अशा पातळ-दाट पेजेच्या चढत्या पायऱ्यांनी रोग्याला नेहमीच्या आहारावर आणावयाचे, असा हा दीर्घ विधी आहे. त्याला ऋतूचे बंधन आहे: वसंतात वमन, वर्षाकाळी बस्ती, शरदात विरेचन. बालक, वृद्ध, गर्भिणी आणि दुर्बल यांना तीव्र शोधन वर्ज्य सांगितले आहे. आणि ज्या वाग्भटाने या रोगाचे दोषपरत्वे प्रकार सांगून चिकित्सा लिहिली, त्यानेच सर्व दोषांच्या प्रकोपाने झालेले, नखासारखे चकचकीत दिसणारे टक्कल असाध्य आहे, असेही निःसंकोचपणे नमूद करून ठेवले.

एवढा विधी राजेरजवाडे आणि सधन गृहस्थ यांनाच परवडत असला पाहिजे. सामान्य घरांत त्याचे जे रूप टिकले ते साधे होते. महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील जुन्या पिढ्यांना ठराविक दिवसांनी मुलांना दिलेले एरंडेल ठाऊक आहे. गुजरातेत त्यालाच दिवेल म्हणतात, आणि भारतातील एरंडाचे सर्वांत मोठे पीक त्याच प्रांतात निघते. दिवाळीचे अभ्यंगस्नान, डोक्यावर जिरविलेले माक्याचे किंवा आवळ्याचे तेल, जास्वंदीची फुले, शिकेकाई, रिठा आणि नागरमोथा हे सारे घरच्या स्त्रियांच्या हाती होते. तुंबडी आणि जळवा लावून रक्त काढण्याचे काम बहुधा न्हाव्याकडे असे. घरातील आजी, गावचा न्हावी आणि वैद्यबुवा यांच्यात वाटली गेलेली ही विद्या पिढ्यानुपिढ्या कागदावाचून चालत आली.

तिला छापील रूप आले ते मुंबईत. निर्णयसागर छापखान्याने अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले वाग्भटाचे अष्टांगहृदय प्रसिद्ध केले, आणि पुढे मूळचे सौराष्ट्रातील यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या संपादनाने चरक व सुश्रुत या संहिता त्याच छापखान्यातून बाहेर पडल्या. मराठी मुद्रकाचा छापखाना आणि गुजराती वैद्याची विद्वत्ता यांचा हा संयोग आयुर्वेदाच्या अर्वाचीन इतिहासात मोलाचा ठरला. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन उभे केले, आणि त्यांचा आर्यभिषक् हा ग्रंथ गुजराती भाषेत जाऊन तेथील घराघरांत पोहोचला. सुरतेत बापालाल वैद्य (१८९६–१९८३) यांनी निघंटु आदर्श हा वनौषधींचा बृहद्ग्रंथ गुजरातीत सिद्ध केला आणि ओ. एच. नाझर आयुर्वेद महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. दरम्यान १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची व्यवस्था केली, आणि वंशपरंपरेने चालणाऱ्या या व्यवसायाला परीक्षा, पदवी आणि सरकारी दफ्तर यांची शिस्त लागली.

त्याच काळात टकलाच्या कारणाचा शोध दुसऱ्या दिशेने चालला होता. त्याच्या कितीतरी आधी, माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथावरील मधुकोश टीकेत, एक लक्षणीय विचार आला आहे: स्त्रियांचे दुष्ट रक्त दर महिन्याला वाहून जाते, म्हणून त्यांना हा रोग होत नाही. स्त्रियांचे केसही विरळ होतात, हे खरे. पण पुरुषांच्या तुळतुळीत टकलाकडे पाहून त्या वैद्यांनी जो भेद टिपला तो निरीक्षण म्हणून सूक्ष्म होता, आणि त्याचे कारण त्यांनी आपल्या शोधनसिद्धांतातूनच शोधले, हे स्वाभाविक होते. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हे टक्कल पौरुषसंप्रेरक आणि आनुवंशिकता यांच्या संयोगाने पडते. आणि या शोधानंतर दूषित द्रव्य बाहेर काढल्याने असे टक्कल भरून येईल, ही आशा धरण्यास आधार उरला नाही. तसा पुरावा आजवर पुढे आलेलाही नाही. उलटपक्षी ज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांनंतर दोन-तीन महिन्यांनी जी केसगळती होते, ती पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपण थांबते; अशा वेळी कोणी शोधन करून घेतलेले असले म्हणजे श्रेय शोधनाला जाते, आणि कठोर लंघनाने वा विरेचनाने क्षीण झालेल्या रोग्याचे केस त्यामुळेच अधिक गळण्याचाही संभव असतो.

म्हणून या परंपरेविषयी ज्याला आदर आहे त्याने तिच्या मर्यादांचाही आदर केला पाहिजे. आज पंचकर्म या नावाखाली अनेकदा केवळ शिरोधारा विकली जाते, जी त्या पाच कर्मांत मोडतच नाही; ऋतू, बल, वय आणि पथ्य यांचा विचार गळून पडतो, आणि असाध्य या शब्दाचा तर पूर्ण लोप झालेला आहे. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, अपुरी झोप व निकस जेवण यांवर दिवस काढणारा गोडादऱ्यातील तरुण मुलगा, किंवा बाळंतपणानंतर घाबरून गेलेली त्याची वहिनी, यांच्या कष्टाचा पैसा अशा आश्वासनांवर जाऊ नये. केस गळू लागले तर प्रथम नोंदणीकृत वैद्याकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन कारण पाहावे, रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे, डोक्याला तेल लावण्याची घरची चाल सुखाने पाळावी. आणि जो कोणी रोग्याची नाडी, बल व ऋतू न पाहता शरीरशुद्धीने केस परत आणण्याची हमी देतो, त्याला चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांचाही आधार नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.