भरतीगणित, कोकणच्या लहान बंदरांतील

कोकण किनाऱ्यावरील लहान बंदरांत भरतीची वेळ व पाण्याची उंची आगाऊ काढण्याची रीत. बाणकोट, दाभोळ, जैतापूर इ. बंदरे खाड्यांच्या मुखांशी वसली आहेत. मुखाशी साचणाऱ्या वाळूच्या दांड्यामुळे भरलेल्या गलबतास भरतीची वाट पाहावी लागे. वेळ चुकल्यास ते रुतून लाटांच्या माऱ्याने फुटण्याचा धोका असे. त्यामुळे हे गणित तांडेलाच्या दृष्टीने जीविताचा व मालाचा प्रश्न होता.

परंपरागत रीत : पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची स्थूल वेळ तासांत मिळते. उदा., अष्टमीस ८ ची पाऊणपट ६, म्हणून भरती सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास येते. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येते, हे या नियमाचे मूळ होय. तथापि हा उशीर रोज सारखा नसल्याने गणित कधीकधी अर्ध्या तासाहून अधिक चुकते. शिवाय त्यातून पाण्याची उंची कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण व अष्टमीच्या सुमारास भांग, एवढाच अंदाज बांधता येतो.

शास्त्रीय कोष्टके : विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांच्या पुढाकाराने १८६७ पासून विकसित झालेल्या हरात्मक विश्लेषण पद्धतीत भरती ही चंद्र-सूर्याच्या गतींशी निगडित अनेक तरंगांची बेरीज मानली जाते. भारतात ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात १८७३–७५ मध्ये निरीक्षणे केली. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ मध्ये स्वयंलेखी भरतीमापक सुरू झाला. भारतीय बंदरांच्या गणनेसाठी एडवर्ड रॉबर्ट्‌स यांच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये लंडनला भाकितयंत्र तयार झाले आणि १८८१ पासून वार्षिक कोष्टके निघू लागली. हे काम भारतीय सर्वेक्षण विभाग करतो.

दुय्यम बंदरे : प्रत्येक लहान बंदरात भरतीमापक दीर्घकाळ ठेवणे शक्य नसते. म्हणून थोड्या काळाच्या निरीक्षणांवरून प्रमाण बंदराशी असलेला वेळेचा व उंचीचा फरक ठरवितात आणि तो प्रमाण बंदराच्या कोष्टकात मिळवितात किंवा त्यातून वजा करतात. या किनाऱ्यावर भरतीची लाट उत्तरेकडे सरकते. त्यामुळे दक्षिणेकडील बंदरांत ती मुंबईच्या आधी येते. मुंबईस उधाणात पूर्ण भरतीची सरासरी उंची ४.४२ मी. व पूर्ण ओहोटीची ०.७६ मी. असते, म्हणजे कक्षा ३.६६ मी. होते, भांगात ती १.४४ मी. असते. दक्षिणेकडे कक्षा घटत जाऊन मार्मागोव्यास जवळजवळ निम्मी होते. म्हणून उधाण व भांग यांसाठी उंचीचे फरक निरनिराळे घ्यावे लागतात.

मधल्या वेळची उंची बारांशाच्या नियमाने काढतात. ओहोटीपासून सहा तासांत पाणी कक्षेच्या अनुक्रमे १, २, ३, ३, २ व १ बारांशाने चढते. समजा, दांड्यावर नकाशातील खोली १ मी., गलबताचा डुबाव २ मी. आणि तळाखाली ०.५ मी. पाणी हवे, तर भरतीची उंची १.५ मी. लागेल. ओहोटी ०.३ मी. व भरती २.१ मी. असल्यास कक्षा १.८ मी. आणि एक बारांश ०.१५ मी. होतो. पाणी १.२ मी., म्हणजे आठ बारांश, चढावयास हवे. ते ओहोटीनंतर सु. ३ तास ४० मिनिटांनी चढते.

मर्यादा : उथळ खाडीत भरती लवकर चढते व ओहोटी रेंगाळते, त्यामुळे आतल्या धक्क्यांना बारांशाचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. हवेचा दाब एक मिलिबारने उतरल्यास पाणी सु. १ सेंमी. चढते. वाळूचे दांडेही सरकतात; राजापूरची खाडी गाळाने भरत गेल्याने मोठी गलबते गावापर्यंत जाईनाशी झाली. कोष्टक पाण्याची पातळी सांगते, तळाची नव्हे. म्हणून खोली मोजणे व स्थानिक तांडेलाची माहिती घेणे आजही आवश्यक ठरते.