व्हॉलीबॉलमधील सांघिक बचाव : प्रशिक्षणाचा इतिहास

व्हॉलीबॉलमधील सांघिक बचाव : प्रतिपक्षाने मारलेला चेंडू आपल्या बाजूच्या जमिनीवर पडू नये, म्हणून सहाही खेळाडूंनी परस्परांना पूरक अशी केलेली स्थानयोजना. प्रत्येक संघाच्या वाट्याला ९ मी. × ९ मी., म्हणजे ८१ चौ. मी. क्षेत्र येते. वेगाने येणाऱ्या स्मॅशपासून सहा जणांनी हे सर्व क्षेत्र सारखेच राखणे अशक्य असते. त्यामुळे कोणता भाग कोणी राखावयाचा व कोणता सोडावयाचा, हा बचावाच्या प्रशिक्षणातील मूलभूत प्रश्न होय.

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे सुरू केलेल्या मूळ खेळात हा प्रश्न तीव्र नव्हता. १९१६ च्या सुमारास फिलिपीन्समध्ये चेंडू उंच उचलून देण्याचे व स्मॅश मारण्याचे तंत्र रूढ झाले आणि आक्रमण प्रभावी ठरले. त्यावरील उपाय म्हणून जाळ्याजवळ उडी मारून चेंडू अडविण्याचे, म्हणजेच ब्लॉकचे, तंत्र चेक खेळाडूंनी विकसित केले व १९३८ मध्ये त्यास नियमांत स्थान मिळाले. यानंतर बचावाच्या दोन फळ्या मानल्या जाऊ लागल्या : जाळ्यावरील ब्लॉक व त्यामागील क्षेत्ररक्षण.

या दोन फळ्यांची सांगड घालणे हे प्रशिक्षकाचे मुख्य कार्य. उदा., प्रतिपक्ष आपल्या डाव्या टोकाकडून मारा करीत असता समोरचे उजवे व मधले खेळाडू ब्लॉक करतात. पुढील डावा खेळाडू जाळ्यापासून मागे सरकून तीव्र कोनातील मारा राखतो. मागील डावा दूरचा तिरका मारा, तर मागील उजवा कडेच्या रेषेकडील चेंडू घेतो. मागील मधल्या खेळाडूबाबत दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत तो अंतिम रेषेजवळ थांबतो. दुसरीत ब्लॉकच्या पाठीमागे येऊन हलकेच टाकलेले चेंडू उचलतो. ब्लॉकने झाकलेल्या भागात मागील खेळाडूने उभे राहू नये, हे सूत्र दोहोंत समान आहे.

क्षेत्ररक्षणाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः जपानी प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सू (१९२१–७८) यांना दिले जाते. त्यांचा निचिबो काइझुका हा संघ ओसाका परिसरातील एका कापड कंपनीत काम करणाऱ्या तरुणींचा होता. उंची व ताकद यांत यूरोपीय संघ सरस असल्याने चेंडू पडूच न देणे हाच मार्ग उरतो, असे दाइमात्सूंनी जाणले. सूर मारून चेंडू उचलावयाचा, लोळण घ्यावयाची आणि त्याच वेगाने उठून पुन्हा आपले स्थान गाठावयाचे, असे तंत्र त्यांनी घडविले. पाडली तरी आपोआप उभी राहणारी जपानी बाहुली हे त्यामागील प्रेरणास्थान होते. १९६० च्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएट संघाकडून हरलेल्या जपानी महिलांनी १९६२ मध्ये मॉस्को येथे त्याच संघास नमविले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये मासाए कासाई यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सोव्हिएट संघावर १५–११, १५–८, १५–१३ असा विजय मिळविला.

या यशाची किंमतही मोठी होती. दिवसाचे काम संपल्यावर सराव सुरू होई व तो अनेकदा मध्यरात्रीपर्यंत चाले. दुखापत वा थकवा यांची गय केली जात नसे. त्यामुळे दाइमात्सूंच्या पद्धतीची जितकी प्रशंसा झाली, तितकीच ती वादग्रस्तही ठरली. खेळाडूंनी प्रशिक्षकावर ठेवलेला विश्वास सहनशक्तीच्या कोणत्या मर्यादेपर्यंत वापरावा, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न क्रीडाप्रशिक्षणात अद्याप सुटलेला नाही.

पुढे नियमही बदलले. टोकिओनंतर ब्लॉक करताना हात जाळ्यापलीकडे नेण्यास मुभा मिळाली. १९७६ पासून ब्लॉकनंतरही संघास तीन स्पर्श मिळू लागले. १९९८ मध्ये ‘लिबेरो’ हा वेगळ्या रंगाचा गणवेश घालणारा, केवळ मागील फळीत खेळणारा बचावपटू आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आला. त्यास ब्लॉक करता येत नाही, वा जाळ्याच्या उंचीवरील चेंडूवर आक्रमणही करता येत नाही. उंचीने कमी, परंतु चपळ अशा खेळाडूस संघात हक्काचे स्थान त्यामुळे मिळाले. दाइमात्सूंच्या संघाने मैदानावर सिद्ध केलेल्या तत्त्वाला नियमांनीच अशी मान्यता दिली.