पंडितेची साधी प्रार्थना

माझी आई नमाज अरबीत पढायची. शब्दन् शब्द पाठ. अर्थ मात्र ढोबळच ठाऊक. सलाम फेरून झाला की ती दोन्ही तळवे पुढे धरायची आणि मराठीत बोलू लागायची. पोराचा ताप उतरू दे, यंदा भात नीट पिकू दे. लहानपणी मला वाटायचं, अल्लाशी तिचं खरं बोलणं इथूनच सुरू होतं.

आता मी नेरुळला राहतो. सोलापूरकडे जाताना पुणे सोडल्यावर, दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. तिथे मला हटकून आईचे ते तळवे आठवतात, कारण केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीलाही संस्कृत शिकवलं. तीर्थाच्या गावी पुराण सांगायचं, हीच कुटुंबाची उपजीविका. पुढे दुष्काळ पडला. व्रतं झाली, दानं झाली आणि थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई, थोरली बहीण गेली. 1907 साली लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाईंनी हे सांगितलं आहे. ते वाचताना कुणी त्यात एका धर्माचा विजय आणि दुसऱ्याचा पराभव शोधू नये. भुकेने घर रिकामं झालेली मुलगी तिथे बोलते आहे.

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. पण श्रद्धा स्वीकारली म्हणून डोकं गहाण टाकलं नाही. तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी तिची पत्रांतून लांबलचक भांडणं झाली. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशासाठी? मला लॅटिन येत नाही, माझं संस्कृत काय कमी आहे? तिचा सवाल हा असा रोखठोक होता.

मायदेशी आल्यावर त्यांनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे ते पुण्याला नेलं. तिथे धर्मांतरावरून वादळ उठलं, ते सर्वांना ठाऊक आहे. मग 1896-97 च्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुली त्यांनी केडगावला आणल्या. 1905 च्या जानेवारीत तिथे रोजच्या प्रार्थनेसाठी मंडळ जमू लागलं आणि जूनच्या अखेरीस काही वेगळंच घडलं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. शिस्तीच्या चर्चला सवयीचा हा प्रकार नव्हता. टीका झाली. रमाबाईंचं म्हणणं असं की, भारतीय माणसाने देवापुढे पाश्चात्त्यांच्या रीतीनेच उभं राहावं असं कुठे आहे?

त्या काळात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. उपलब्ध मराठी बायबल खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. शब्द जड, संस्कृतप्रचुर. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ ग्रंथावरून भाषांतर सुरू केलं. भागवताचे हजारो श्लोक जिभेवर असलेली ही बाई आता संस्कृत शब्द एकेक करून बाजूला सारत होती. वाँटेजला ज्या भाषेसाठी भांडली, तीच! केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला मुक्तीतल्याच मुली. त्यांतल्या कितीतरी जणी अक्षरओळख होण्याआधी इथे आल्या होत्या.

1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. शेवटची मुद्रितं तपासेपर्यंत आयुष्य मागितलं होतं म्हणे. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून झाला.

कवी म्हणून विचाराल तर ते मराठी जागोजागी खडबडीत आहे. मूळ शब्दाला इतकं चिकटलेलं की वाचणारा अडखळतो. माझ्या आईची दुआही काही घोटीव नव्हती. मधेच ती शेळीचंही काही मागायची.